आधी आठ बार, मग पाय: स्कॉटिश नाचात नव्यानं उतरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

सप्टेंबरात एडिंबरा, ग्लासगो, अ‍ॅबरडीन नाहीतर सेंट अँड्र्यूजला शिकायला पोहोचलात की पंधरा दिवसांच्या आत कुठून तरी ‘केली’चं (ceilidh) आमंत्रण येतंच. स्पेलिंगच्या शेवटची दोन अक्षरं मुकी आहेत, त्यामुळे उच्चार केली असाच. मराठी डोळ्याला ते क्रियापद दिसतं, त्याला इलाज नाही. मूळ गेलिक शब्दाचा अर्थ एकमेकांकडे जाऊन बसणं, गप्पा-गाणी करणं. आज त्याचा अर्थ एवढाच की बँड आहे, हॉलमधल्या खुर्च्या भिंतीला लावल्यात आणि सगळ्यांनी नाचायचं आहे.

दुसरं आमंत्रण जरा उशिरा येतं. विद्यार्थ्यांचा सांस्कृतिक कार्यक्रम ठरतो, कुणीतरी म्हणतं आपल्या गटातर्फे एक स्कॉटिश नाच बसवू, आणि तीन आठवड्यांत आठ जण हात डोक्यावर धरून उड्या मारायला लागतात. स्टेजवर ते हमखास पडतं. उड्या कमी पडतात म्हणून नाही, तर आठही जण वेगवेगळ्या वेळी पोहोचतात म्हणून. या नाचाचा जीव पावलात कमी आणि वेळेवर जागेवर असण्यात जास्त आहे. खालचं सगळं त्याच क्रमानं सांगितलं आहे.

तीन नाच, तीन वेगळी घरं

‘स्कॉटिश डान्स’ या एका नावाखाली तीन गोष्टी येतात आणि नवखे त्यांची मिसळ करतात.

पहिला केलीचा नाच. यात चालता आलं की नाचता येतं. बँडपैकी कुणीतरी कॉलर, म्हणजे हालचाली पुकारणारा असतो, तो आधी चालवून दाखवतो आणि मग संगीत सुरू होतं. स्कॉटलंडमधल्या मुलांना हे नाच शाळेतच, नाताळच्या पार्टीआधी पीटीच्या तासाला शिकवतात. त्यामुळे तुमच्या वर्गातल्या स्थानिक मुलांच्या पायात ते असतात, जरी ती ‘मला काही येत नाही’ म्हणत असली तरी.

दुसरा कंट्री डान्स. समोरासमोर दोन रांगा, बहुधा चार जोड्या, ठरलेल्या आकृत्या म्हणजे एकत्र करायच्या हालचाली, मऊ चामड्याचे बूट आणि नेमकं पाऊल. आज शिकवतात ते त्याचं रूप 1923 साली ग्लासगोत स्थापन झालेल्या स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटीमुळे टिकलं. 1951 पासून तिच्या नावाआधी ‘रॉयल’ लागतं. संस्थापकांपैकी जीन मिलिगन या ग्लासगोच्या जॉर्डनहिल कॉलेजात होणाऱ्या शिक्षकांना शारीरिक शिक्षण शिकवत. या नाचाची कवायतीसारखी शिस्त आणि त्याचं शाळा-कॉलेजांशी असलेलं नातं, दोन्ही तिथूनच आलं आहे. विद्यार्थ्यांच्या स्टेजसाठी हाच प्रकार सगळ्यात योग्य.

तिसरा हायलँड डान्स. एकट्यानं, बॅगपाइपवर, स्पर्धेत करायचा. हात डोक्यावर कमानीसारखे धरतात तो हा. त्याच्याबद्दल शेवटी थोडं सांगू, कारण नवख्यानं त्याच्या वाटेला लगेच जाऊ नये.

मोजणी

बार म्हणजे ठोक्यांनी मोजलेला संगीताचा एक छोटा तुकडा. कंट्री डान्समधली जवळजवळ प्रत्येक आकृती 8 बारांची, नाहीतर 4 बारांच्या दोन तुकड्यांची असते. रील आणि जिग या जलद प्रकारांत एका बारात दोन ठोके पडतात. म्हणजे 8 बारांचे 16 ठोके. तीनतालाचं एक आवर्तन मनात धरा, हिशोब बरोबर बसतो. बहुतेक नाच 32 बारांचे, म्हणजे अशी चार आवर्तनं.

पण इथं एक सापळा आहे आणि कथक शिकलेले त्यात हमखास सापडतात. आपल्याकडे तिहाई समेवर येऊन थांबते, पहिल्या मात्रेवर आपण पोहोचतो. इथं पहिल्या ठोक्यावर निघायचं असतं. सोळाव्या ठोक्याला तुम्ही जागेवर हवेत आणि पुढच्या ‘एक’ला नवी आकृती सुरू झालेली हवी. समेवर येण्याची सवय घेऊन नाचलात तर प्रत्येक आकृतीत एक ठोका उशीर होतो, तो साचत जातो आणि तिसऱ्या आकृतीला तुम्ही दुसऱ्याच्या वाटेत उभे असता.

जिग आणि रील कानानं ओळखायला बोल वापरा. ‘तकिट तकिट’ बसलं तर जिग, ‘तकधिमी तकधिमी’ बसलं तर रील. ढोलकीवाला मित्र असेल तर जिगला दादरा आणि रीलला कहरवा चालून जातो. तिसरा प्रकार स्ट्रॅथस्पे, नाव स्पे नदीच्या खोऱ्यावरून पडलेलं. तो संथ, बारात चार ठोके, आणि त्यात आखूड सूर आधी, लांब सूर नंतर असा एक झटका असतो. त्यावर ढोलकी घालू नका. ठेका त्या झटक्याला सपाट करून टाकतो आणि मग ते नुसतं हळू संगीत उरतं.

सराव असा करा: तालमीच्या पहिल्या दिवशी पावलं शिकवूच नका. रील लावा, सगळ्यांना गोलात साधं चालायला सांगा, ठोक्याला एक पाऊल, आणि दर सोळा पावलांनी दिशा बदला. मोठ्यानं मोजायचं नाही. चार-पाच वेळा गडबड होते, मग सुरावटीचं वाक्य कुठं संपतं ते कानाला कळायला लागतं. हे आलं की अर्धा नाच आला.

सेट कसा उभा राहतो

सेट म्हणजे एकत्र नाचणाऱ्या जोड्यांचा गट. हॉलमध्ये जिथं बँड तो सेटचा वरचा भाग. वर तोंड करून उभं राहिलं तर पुरुषांची रांग डावीकडे, बायकांची उजवीकडे. रांगा एकमेकींकडे वळल्या की पुरुषांचा डावा खांदा बँडकडे येतो. गोंधळ झाला की हीच खूण तपासायची. आता बहुतेक विद्यापीठांच्या क्लबांत कुणीही कुठल्याही रांगेत नाचतं, पण रांग एकदा निवडली की त्या नाचापुरती तीच.

सेटमध्ये शिरायचं ते खालच्या टोकाला. रांगेच्या मध्ये किंवा वर घुसणं म्हणजे लोकलच्या रांगेत मध्ये घुसण्याइतकंच वाईट. सेट भरल्यावर कंटाळून निघून जाणं त्याहून वाईट, कारण मागे राहिलेल्या सात जणांचा नाच मोडतो.

नवख्यांनी तिसऱ्या जोडीच्या जागी उभं राहावं. चार जोड्यांच्या सेटमध्ये 32 बारांचा नाच आठ वेळा वाजतो, प्रत्येक जोडी दोनदा ‘पहिली जोडी’ होते. तुम्ही तिसरे असलात तर आधीच्या दोन जोड्यांचे मिळून चार फेरे डोळ्यांसमोर होऊन जातात, मग तुमची पाळी. तोपर्यंत हातही नुसते लोंबकळत नसतात, मधल्या आकृत्यांत तुमचं काम असतंच.

सुरुवातीला बँड एक लांब सूर देतो. त्यावर पुरुष वाकून आणि बायका गुडघे किंचित मोडून जोडीदाराला अभिवादन करतात. लगेच ‘एक’ येतो. काही नाचांत असे दोन सूर असतात. दुसऱ्यावर खालच्या दोन जोड्या पलीकडे जाऊन बाजू बदलतात. आपल्याला ठाऊक नसेल तर शेजारच्याला आधीच विचारून ठेवावं.

दोन पावलं, एवढीच

जलद नाचांना दोन पावलं पुरतात. एक पुढं जायला, एक जागेवर.

पुढं जायचं पाऊल म्हणजे स्किप चेंज: उडी, पाऊल, जुळव, पाऊल. डाव्या पायावर हलकी उडी घेताना उजवा पाय पुढं ताणलेला. उजवा टेकवा, डावा त्याच्या मागून आणून जुळवा, पुन्हा उजवा पुढं. पुढचा बार डाव्यानं. एका बारात हे एवढं सगळं होतं. चूक नेहमी उडीत होते. उडी ठोक्यावर नसते, ठोक्याच्या आधी असते, ‘आणि-एक’ मधल्या ‘आणि’वर. ठोक्यावर उडी मारणारा माणूस लंगडतोय असं दिसतं.

जागेवरचं पाऊल म्हणजे पा-द-बास्क, क्लबात त्याला ‘पा-द-बा’ म्हणतात. उजव्या पायावर हलकेच उजवीकडे उतरा. डाव्याचा चवडा उजव्याच्या कमानीशी आणून क्षणभर वजन त्यावर द्या. वजन पुन्हा उजव्यावर घ्या आणि त्याच वेळी डावा पाय तिरका पुढं ताणून जमिनीपासून दोन-तीन बोटं वर न्या. मग हेच डावीकडे. ‘सेट करा’ म्हणजे एक उजवीकडे, एक डावीकडे, मिळून 2 बार. सुरुवात उजव्यानं. मधलं वजन डाव्यावर खरंच गेलं की नाही ते बघा. नवखे तिथं नुसता पाय टेकवून सोडतात, मग तीन हालचालींच्या दोनच होतात आणि ते ठोक्याच्या पुढं पळतात.

दोन्हींत टाचा जमिनीला लागत नाहीत. तत्कारात पूर्ण तळवा आपटून आवाज काढायची सवय असेल तर ती दाराबाहेर ठेवा, या बुटाचा आवाज यायचाच नसतो. भरतनाट्यमवाल्यांना गुडघे मोडून बसायची ओढ असते, तीही इथं नको. आणि दोघांनाही एकच सूचना: प्रेक्षकांकडे बघू नका. या नाचात नजर जोडीदाराकडे असते. हात देताना, ओलांडून जाताना, सेट करताना डोळ्यात बघायचं. स्टेजवरसुद्धा.

हात खांद्याच्या उंचीवर, हस्तांदोलनासारखे, कोपर सैल. हात द्यायचा नसेल तेव्हा तो अंगालगत सोडून द्यायचा. डोक्यावर नाही.

केलीच्या पहिल्या रात्रीसाठी तीन नाच

*गे गॉर्डन्स.* नाव गॉर्डन हायलँडर्स या पलटणीवरून. फक्त 16 बार, पुन्हा पुन्हा. सगळ्या जोड्या गोलात, तोंड घड्याळाच्या उलट दिशेला, पुरुष आतल्या बाजूला. उजवे हात बाईच्या उजव्या खांद्यावर धरलेले, डावे पुढं.

1. बार 1–2: चार पावलं पुढं. चौथ्यावर हात न सोडता दोघंही जागेवर उलट वळतात.
2. बार 3–4: त्याच दिशेला, पण आता मागं-मागं चार पावलं.
3. बार 5–8: हेच सगळं उलट दिशेला, म्हणजे चार पुढं, वळण, चार मागं.
4. बार 9–12: डावे हात सोडा, उजवे वर उचला. बाई त्यांच्याखाली गिरक्या घेते, पुरुष शेजारून चालतो.
5. बार 13–16: एकमेकांना धरून पोल्का करत, म्हणजे हलक्या उड्यांनी गिरकत, गोलात पुढं.

नव्व्याण्णव टक्के घोटाळा पहिल्या वळणावर होतो. वळल्यावर लोकांना वाटतं दिशाही बदलली आणि ते मागच्या जोडीवर जाऊन आपटतात. तोंड फिरतं, प्रवास तोच राहतो. वळल्यावर डावे हात आपोआप खांद्यावर येतात. तसे आले तर वळण बरोबर झालं. हात पिळला गेला तर कुणीतरी एकजण बाहेरच्या बाजूनं वळला.

*डॅशिंग व्हाइट सार्जंट.* तिघांसमोर तिघं, असे सहा-सहांचे गट हॉलभर गोलात. जोडीदार नसलेल्यांची सोय यात होते, तीन मैत्रिणी मिळून उभ्या राहू शकतात. 8 बार सहा जणांचा फेर, डावीकडे जाऊन परत उजवीकडे. पुढचे 8: मधला माणूस उजवीकडच्यासमोर सेट करतो, दोन्ही हातांनी एक वळसा, मग डावीकडच्याबरोबर तेच. पुढचे 8: तिघांचा रील (इथं रील हे आकृतीचं नाव), म्हणजे जमिनीवर काढलेल्या इंग्रजी आठावरून तिघांनी चालणं. मधला उजवीकडच्याला डाव्या खांद्याकडून ओलांडत निघतो. शेवटचे 8: हात धरून समोरच्या तिघांकडे पुढं येऊन पाय आपटायचे, मागं जाऊन टाळ्या, मग पुन्हा पुढं. एक ओळ कमानी करते, दुसरी खालून जाते, आणि समोर नवे तिघं.

रील कुठं फसतो? कडेचे दोघं ‘मधल्याची पाळी आहे’ असं समजून थांबतात. तिघंही सतत चालतात, टोकाला पोहोचलात की तिथं पोकळ वळसा घेऊन परत मध्ये. थांबलात की आठ मोडला. मजल्यावर खडूनं एकदा मोठा आठ काढून तिघांना त्यावर चालवा, दहा मिनिटांत समजतं.

*स्ट्रिप द विलो.* याची ऑर्कनी बेटांवरची पद्धत विद्यार्थ्यांच्या केलीत सगळ्यात लाडकी आणि दुखापतींसाठी सगळ्यात बदनाम. हॉलभर दोन लांब रांगा. वरची जोडी उजव्या हातांनी 16 ठोके गरगरते. मग बाई पुरुषांच्या रांगेतून खाली जाते: एका पुरुषाबरोबर डावा हात, मध्ये येऊन जोडीदाराबरोबर उजवा, पुढच्या पुरुषाबरोबर डावा, असं तळापर्यंत. थोड्या वेळानं पुढची जोडी निघते, मग तिच्यामागची, आणि बघता बघता अख्खी रांग फिरत असते.

फुगडी खेळलेल्यांना यातली गोम लगेच कळते: दोघांनी वजन सारखं मागं टाकायचं, पाय जवळ, म्हणजे वेग आपोआप येतो. पण फुगडीइतकं मागं रेलू नका. इथं चार ठोक्यांनी हात सुटून दुसऱ्याच्या हातात जायचं आहे, आणि पूर्ण रेललेला माणूस हात सुटताच भिंतीपर्यंत जातो. कोपरात कोपर अडकवा, मनगट आवळू नका. सगळ्यात महत्त्वाचं, आधी घड्याळ, अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवा. काचेच्या बांगड्या घालून या नाचात उतरणं म्हणजे स्वतःच्या आणि समोरच्याच्या हाताला निमंत्रण. चष्म्याला दोरी असू द्या. दारू जास्त झालेला कुणी रांगेत दिसला तर आपली रांग बदला, यात अजिबात उद्धटपणा नाही.

स्टेजसाठी बसवताना

हा नाच करणाऱ्यांसाठी आहे, बघणाऱ्यांसाठी नाही. चार जोड्यांनी आठ वेळा तेच करणं नाचणाऱ्याला आनंदाचं असतं, प्रेक्षक तिसऱ्या फेरीला फोन काढतो. म्हणून स्टेजवर फेरे कापा आणि प्रकार बदला. तीन जोड्यांचे नाच निवडलेत तर तीन फेऱ्यांत प्रत्येक जोडी एकदा पहिली होऊन सगळे आपापल्या जागी परत येतात, शेवट नेटका होतो.

वेळेचा हिशोब असा: 32 बारांचा जिग किंवा रील साधारण 35 सेकंद घेतो, स्ट्रॅथस्पे एक मिनिटाच्या थोडा वर. जिग तीनदा, स्ट्रॅथस्पे तीनदा, रील तीनदा अशी माळ केली तर सुमारे पावणेसात मिनिटं होतात. येणं-जाणं आणि अभिवादन धरून आठ. त्याहून लांबवू नका. स्ट्रॅथस्पे मध्येच ठेवा, नाचणाऱ्यांचा श्वास जुळतो.

जागा मोजून घ्या. तीन जोड्यांच्या सेटला रांगांमध्ये दोन मीटर, जोड्यांमध्ये मीटरभर, आणि दोन्ही रांगांच्या मागं पुन्हा मीटर-सव्वामीटर लागतो, कारण ‘कास्ट ऑफ’ करणारा स्वतःच्या रांगेच्या पाठीमागून खाली जातो. म्हणजे पाच बाय पाच मीटर मोकळं हवंच. मागं पडदा किंवा माइकचा स्टँड असेल तर कास्ट करणारा तो टाळायला वळसा मोठा घेतो, एक ठोका हरवतो, आणि वर सांगितलेला उशीर सुरू होतो.

सेट कसा ठेवायचा यावर मतभेद आहेत. आमच्या मते वरचं टोक प्रेक्षकांकडे ठेवावं. रांगा स्टेजच्या आत जातात, मधली गल्ली प्रेक्षकांना दिसते आणि आकृती दोन्ही बाजूंना सारखी उमटते. आडवा ठेवलात तर एका रांगेच्या पाठीच दिसत राहतात. स्टेज अगदीच उथळ असेल तर नाइलाज.

नाच निवडताना बाल्कनीतून काय दिसेल ते बघा. फेर, चार हातांची चक्रं, तिरप्या रेषा हे वरून छान दिसतं. बारीक पदन्यास पहिल्या रांगेपलीकडे कुणाला कळत नाही. याच कारणानं ‘रील ऑफ द फिफ्टी-फर्स्ट डिव्हिजन’ विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात पुन्हा पुन्हा येतो. जून 1940 मध्ये नॉर्मंडीतल्या सेंट व्हॅलेरी-आं-को इथं जर्मनांच्या हाती सापडलेल्या 51व्या हायलँड डिव्हिजनच्या सैनिकांनी युद्धकैदेत हा नाच रचला. त्यात पहिली जोडी मध्ये येते, दोन कोपऱ्यांतल्यांना हात देऊन चौघांची एक तिरपी रेषा होते आणि चौघं त्या रेषेत सेट करतात, मग दुसऱ्या तिरप्या रेषेत तेच. दोन्ही मिळून स्कॉटलंडच्या झेंड्यावरची संत अँड्र्यूची फुली. त्या दोन बारांत चौघांचे हात ताणलेले आणि एका ओळीत नसतील तर फुली दिसत नाही, नुसते गोंधळलेले चार जण दिसतात. तालमीत हेच दोन बार वीस वेळा करा, बाकीचं एकदा.

तालमी आठवड्यातून दोनदा, दीड तास, असे सहा आठवडे धरा. पहिले दोन आठवडे फक्त चालत. आकृत्या संगीताशिवाय, मग संगीतावर, पण पाऊल न घालता. तिसऱ्यात पाऊल वेगळं शिका. चौथ्यात दोन्ही एकत्र करा. पहिल्या दिवसापासून पाऊल घालून आकृती शिकवली तर डोकं पायात गुंततं आणि जागा चुकते. शेवटचा आठवडा फक्त येणं, अभिवादन आणि जाण्यासाठी.

एक गोष्ट सगळेच विसरतात: पहिली जोडी कास्ट करून दुसऱ्या जागी येते तेव्हा दुसऱ्या जोडीनं वर सरकायचं असतं, 2 बारांत चार पावलं. ती सरकली नाही तर पहिल्या जोडीला उतरायला जागाच नाही. नाच पहिल्या जोडीनं मोडला असं सगळ्यांना वाटतं, मोडलेला असतो दुसऱ्या जोडीनं.

आणि चूक झालीच तर? सुधारायला जाऊ नका. राहिलेली आकृती पूर्ण करायच्या नादात तुम्ही पुढचीही घालवता. पुढच्या ‘एक’ला आपण कुठं असायला हवं तेवढं आठवा आणि थेट तिथं चालत जा. हसत गेलात तर प्रेक्षकांना कळतही नाही.

रेकॉर्ड केलेलं संगीत वापरणार असाल तर पाटीवरचा आकडा वाचा. 8×32 लिहिलेलं गाणं तिसऱ्या फेरीनंतर मध्येच बंद करावं लागतं आणि शेवटचा अभिवादनाचा सूर मिळत नाही. 3×32 शोधा, नाहीतर कापून शेवट जोडून घ्या. फरशीकडेही लक्ष द्या. सिमेंटवर सहा आठवडे उड्या मारल्या तर नडग्या दुखायला लागतात. लाकडी मजल्याची खोली मिळत नसेल तर सिमेंटवर फक्त चालून सराव करा.

कपडे

केलीला कुठलेही सपाट, पायात घट्ट बसणारे बूट चालतात. कंट्री डान्ससाठी गिली म्हणजे दोरीनं बांधायचे मऊ, बिनटाचेचे चामडी बूट. दोरीची टोकं आत खोचा, लोंबली तर शेजारच्याच्या पायाखाली येतात.

किल्ट भाड्यानं मिळतो. पूर्ण किल्टला जवळपास आठ यार्ड कापड लागतं, तो जड असतो आणि चुण्या मागच्या बाजूला येतात. खालची कड गुडघ्याच्या मध्यावर. पिन फक्त वरच्या पदराला लावायची, दोन्ही थरांतून घातली तर पहिल्याच वळणाला कापड फाटतं. कमरेपुढची स्पोरनची पिशवी नाचताना बाजूला सरकवा. मोज्यात खोचायचा छोटा सुरा घरी ठेवा, स्टेजवर आणि स्ट्रिप द विलोत तो कुणालाच नको.

आपले कपडे घालायचे असतील तर सलवार-कमीज उत्तम, ओढणीशिवाय. काष्ट्याची नऊवारीही चालते, पाय मोकळे राहतात. पाचवारी साडी आणि जड काठाचा घागरा नको, कास्ट करताना कुणाचा ना कुणाचा पाय त्यावर पडतो.

हायलँडबद्दल थोडं

हायलँड फ्लिंग जवळजवळ एकाच जागेवर, एका पायावर उड्या घेत करतात. हात डोक्यावर, अंगठा मधल्या बोटाच्या पहिल्या पेराला टेकलेला. तलवारींचा नाच जमिनीवर फुली केलेल्या दोन तलवारींवरून होतो. स्पर्धेत पायानं तलवार सरकली की बाद. मध्ये नाचणारा टाळी वाजवतो, ती पाइपवाल्याला वेग वाढवायची खूण असते. नियम ठरवणारं मंडळ 1950 साली झालं आणि जागतिक स्पर्धा दर ऑगस्टमध्ये डुनूनच्या कॉवल मेळाव्यात होते. तिथं उतरणारी मुलं लहानपणापासून शिकलेली असतात. पोटऱ्या आणि घोटे तयार नसताना सहा आठवड्यांत फ्लिंग बसवणं म्हणजे दुखणं विकत घेणं. गटात कुणी आधीच शिकलेलं असेल तर त्याला दोन मिनिटं एकट्याला द्या, दोन सेटच्या मध्ये. बाकीच्यांना तेवढी विश्रांती.

शिकायला कुठं जायचं

जवळपास प्रत्येक जुन्या स्कॉटिश विद्यापीठात क्लब आहे. एडिंबरात न्यू स्कॉटलंड या नावाचा आहे. सत्राच्या सुरुवातीच्या वर्गांना जा, जोडीदार नेण्याची गरज नाही. विद्यापीठांचा एकत्र लोकनृत्य मेळावाही दरवर्षी वेगळ्या शहरात भरतो, तिथं दोन दिवसांत क्लबच्या दोन महिन्यांइतकं शिकून होतं. क्लबात प्रत्येक नाचाचं ‘क्रिब’ म्हणजे टिपण मिळतं. आकृतीत असेल तर चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. रात्रीच्या नाचांची यादी आधी मिळाली तर क्रिब घरी वाचून जा. हॉलमध्ये फोनवर वाचत उभं राहणाऱ्याचा ‘एक’ हमखास चुकतो.

रात्र संपते ती सगळ्यांच्या एका मोठ्या गोलानं आणि रॉबर्ट बर्न्सच्या ‘ऑल्ड लँग साइन’नं. पहिल्यापासून हात छातीवर फुलीत धरू नका, पर्यटक धरतात. साधे हात धरून उभं राहायचं. ‘हा घे माझा हात’ अशा अर्थाचं शेवटचं कडवं आलं की मगच उजवा हात डाव्यावरून नेऊन शेजाऱ्याला द्यायचा.